चिलटांचे घ्राणज्ञान : पुसा ते मुंबई

पिकलेले केळे उघडे राहिले की, मग ते भंडारा जिल्ह्यातील बपेऱ्याचे घर असो वा मुंबईची प्रयोगशाळा, त्यावर चिलटे जमतात. केळ्यावर घोंगावणारे हे चिलट प्राणिशास्त्रात ड्रोसोफिला या नावाने परिचित आहे. आंबणाऱ्या फळाचा वास त्याला खेचून आणतो, हे सर्वांस ठाऊक आहे. परंतु कोणत्या वासाने कीटक येतो हे सांगणे निराळे आणि तो वास त्याला कसा कळतो हे सांगणे निराळे. भारतात पहिल्या प्रश्नाकडून दुसऱ्याकडे जाण्यास सुमारे सहा दशके लागली. हे संक्रमण मुंबईत कसे घडले, ते येथे पाहावयाचे आहे.

पहिल्या प्रश्नाचा आरंभ बिहारमधील पुसा येथील कृषिसंशोधन संस्थेत झाला. तेथील कीटकशास्त्रज्ञ एफ. एम. हॉवलेट यांनी 1912 साली असे नोंदविले की, सिट्रोनेला तेलाकडे फळमाश्यांचे केवळ नर आकृष्ट होतात. ही फळमाशी म्हणजे चिलट नव्हे. ती आंबा, पेरू यांसारख्या फळांत अंडी घालणारी, वेगळ्या कुळातील माशी होय. 1915 च्या निबंधात हॉवलेट यांनी मिथाइल युजेनॉल या द्रव्याच्या आकर्षणशक्तीची चर्चा केली. कोकणातील आंब्याच्या बागांत आज टांगले जाणारे सापळे याच ज्ञानावर उभे आहेत. मात्र हे ज्ञान द्रव्याविषयीचे होते. माशीच्या घ्राणेंद्रियात काय घडते, हा प्रश्न त्यात अस्पर्शितच राहिला.

तो प्रश्न हाती घेण्यासाठी निराळ्या पद्धतीची गरज होती. 1962 साली ओबेद सिद्दीकी यांनी होमी भाभांच्या निमंत्रणावरून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेणवीय जीवशास्त्राचा विभाग स्थापन केला. पुढे कॅलिफोर्नियात सीमोर बेंझर यांच्यासमवेत त्यांनी ड्रोसोफिलाच्या मज्जासंस्थेवर काम केले. वर्तनाचा उलगडा एकेका जनुकातील बिघाडावरून करावा, ही बेंझर यांची दृष्टी होती. सिद्दीकींनी ती रसायनसंवेदनास लावली. केनियात जन्मलेल्या, गोमंतकीय कुटुंबातील व्हेरोनिका रॉड्रिग्ज या कामात त्यांच्या विद्यार्थिनी झाल्या.

1978 साली या दोघांनी वास व चव यांच्या संवेदनेत दोष असलेल्या उत्परिवर्तित माश्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. वासाची परीक्षा साधी होती : दुफाट्याच्या नळीत माश्या सोडावयाच्या, एका फाट्यात वास ठेवावयाचा आणि माश्या कोणता फाटा निवडतात ते मोजावयाचे. काही माश्यांना विशिष्ट वर्गातील द्रव्यांचाच वास कळत नसे. इतर वासांना त्या यथायोग्य प्रतिसाद देत. यावरून घ्राणज्ञान हे एकसंध नसून अनेक स्वतंत्र मार्गांचे बनलेले असावे, या मतास बळकटी आली. 1984 साली रॉड्रिग्ज व एरिख बुखनर यांनी किरणोत्सारी डीऑक्सिग्लुकोजच्या साहाय्याने, वासामुळे मेंदूच्या शृंगिका-खंडात होणाऱ्या क्रियेचा नकाशा काढला.

चिलटांचे एकत्र जमणे हे केवळ अन्नाच्या वासाने होत नाही, हे अमेरिकेत 1985 साली बार्टेल्ट व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले. नराच्या शरीरातील सिस-व्हॅक्सेनिल अॅसिटेट हे द्रव्य अन्नाची आकर्षकता नर व मादी या दोघांसाठीही वाढविते. समागमात ते मादीकडे जाते आणि नंतर तिच्याकडून बाहेर पडते. अन्नाचा वास व स्वजातीयांचा संकेत यांची अशी सांगड पडते.

मुंबईच्या कार्याचे मोल ठरविताना अतिशयोक्ती टाळली पाहिजे. माशीची गंधग्राहक जनुके 1999 साली अमेरिकेत उजेडात आली, ती उत्परिवर्तित माश्यांच्या निवडीतून नव्हे, तर जनुकांच्या रेणवीय शोधातून. तथापि गंधज्ञानाचे मार्ग जनुकशास्त्राने वेगळे करता येतात, हा विश्वास त्यापूर्वीच्या दोन दशकांत ज्या मोजक्या प्रयोगशाळांनी निर्माण केला, त्यांत मुंबईचे स्थान अग्रभागी आहे. सापळ्याने पीक राखता येते. परंतु त्यात नरच का सापडतात, याचे उत्तर सापळ्यात नसते. ते शोधण्यासाठी माशीच्या शृंगिकेपर्यंत जावे लागते, आणि त्या वाटेवर मुंबईतील या संशोधकांची पावले आरंभीच उमटलेली आहेत.