डच भाषेतला 'नाही'



सतराव्या शतकात आपल्या वेंगुर्ल्याला डचांची वखार होती. घासाघीस करताना दोन्हीकडून 'नाही' किती वेळा म्हटलं गेलं असेल! त्या डच 'नाही'ची हकिकत आज ऐकू या.

डच शिकणाऱ्याला पहिली ठेच लागते ती शब्दांच्या जागांपाशी. आपण म्हणतो, 'मी पुस्तक वाचलेलं नाही.' डच माणूस शब्द असे मांडतो : 'मी – आहे – पुस्तक – नाही – वाचलेलं.' कर्त्याप्रमाणे बदलणारं क्रियापद दुसऱ्या जागी, उरलेलं शेवटी, आणि त्याच्या आधी 'नीत', म्हणजे 'नाही'. पण हेच वाक्य 'कारण' म्हणून दुसऱ्या वाक्याला जोडलं की 'आहे' थेट शेवटी जातं, आपल्या मराठीसारखं!

मग हा 'नीत' आला कुठून? हजार वर्षांपूर्वी नकाराचं काम क्रियापदाच्या पुढ्यात उभा राहणारा 'ने' हा इवलासा शब्द करी. बोलता बोलता तो झिजला, त्याचा 'एन' झाला. नकार ठसेना, म्हणून लोक जोडीला 'नीत' घेऊ लागले. त्याचा मूळ अर्थ 'काहीसुद्धा नाही'. आपण जोर द्यायला 'मुळीच' म्हणतो ना, तसंच. 'मी येत नाही' हे मध्ययुगात 'इक एन कोमे नीत' असं होई. नकार दोन, तरी त्यांचा होकार होत नसे.

१६३७ साली छापलेल्या डच बायबलातही ही जोडी आहे. पण त्याच शतकात हॉलंडच्या लेखकांनी 'एन' सोडला, आणि मदतीला आलेला 'नीत' घरधनी झाला. नकाराचा असाच फेरा अनेक भाषांत फिरतो, हे डॅनिश पंडित ओटो येस्पर्सन यांनी १९१७ साली दाखवून दिलं.

बेल्जममधल्या पश्चिम फ्लँडर्सच्या बोलीत मात्र तो जुना 'एन' अजून कानी पडतो. शाळेच्या पुस्तकात तो नाही. म्हणून तो अडाणीपणा ठरतो का? नाही. एके काळी ती ग्रंथांची भाषा होती.

गुरुजी, वर्गातल्या पोराचं बोलणं 'अशुद्ध' म्हणून खोडण्याआधी एवढं आठवा. प्रमाण भाषा त्याला जरूर शिकवा; पण त्याच्या आजीची बोली चुकीची आहे, असं तेवढं सांगू नका.