शाळेआधी भाकर

4 ऑगस्ट 1923 ला मुंबई कायदेमंडळात सी. के. बोले यांचा ठराव पास झाला. सरकारी पैशावरच्या शाळा, पाणवठे, धर्मशाळा आपल्याला मोकळ्या. कागदावर! पण खेड्यातून सोलापूरच्या हायस्कुलात आलेल्या महारा-मांगाच्या पोरानं रात्री पाठ टेकायची कुठं? भाड्यानं खोली कोण देणार? खानावळीत ताट कोण वाढणार?

20 जुलै 1924 ला बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा काढली. मित्रहो, सहा महिन्यांच्या आत, 4 जानेवारी 1925 ला, सभेनं सोलापुरात हायस्कूलच्या पोरांसाठी वसतिगृह उघडलं. जेवण, कपडे, वह्या-पुस्तकं, सगळा भार सभेवर. सोलापूर नगरपालिकेचं अनुदान महिन्याला 40 रुपये. चाळीस! त्यात पीठमीठ आणायचं, की दिव्याचं तेल?

अन् पोरं नुसती जेवून झोपली नाहीत. त्यांनी ‘सरस्वती विलास’ नावाचं मासिक काढलं. नाव आज खटकतं. जिची पूजा करणाऱ्यांनी आपल्याला पाटीला हात लावू दिला नाही, तिचंच नाव. असू दे. मिसरूड न फुटलेल्या पोरांनी काढलं होतं ते.