वादळाची वार्ता



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, ते आम्हांस भूगोल शिकवीत. हैदराबादला समुद्र नसला, तरी बंगालच्या उपसागरातील खळबळ पाऊस होऊन आपल्या अंगणात उतरते, हे त्यांनी नकाशावर बोट ठेवून दाखविले होते. ते ऋण स्मरून मी, मराठीचा एक निवृत्त प्राध्यापक, आज परक्या शास्त्राच्या उंबरठ्यावर उभा आहे. माझा विषय वादळ नव्हे, वादळाची वार्ता हा आहे.

'सायक्लोन' हा शब्द कलकत्त्यात घडला. हेन्री पिडिंग्टन या जुन्या दर्यावर्द्याने १८४८ साली, सर्पाचे वेटोळे मनात धरून, ग्रीक शब्दावरून तो बनविला. आपले 'चक्र' आणि ग्रीकांचे 'कुक्लोस' ही एकाच मुळाची लेकरे होत. १८५३ साली याच गृहस्थाने गव्हर्नर जनरलला जाहीर पत्र लिहून बजावले, की मातला नदीवर नवे बंदर उभारू नये. समुद्र ते एके दिवशी गिळील. तरी पोर्ट कॅनिंग उभे राहिले, आणि १८६७ च्या नोव्हेंबरात वादळाने ते उद्ध्वस्त केले. पिडिंग्टन त्याआधी नऊ वर्षे निवर्तला होता.

दरम्यान १८६४ च्या ऑक्टोबरात कलकत्त्यावर भीषण वादळ कोसळले. त्यानंतर तेथील बंदरासाठी इशाऱ्याची व्यवस्था झाली आणि १८७५ साली भारतीय हवामान खाते स्थापन झाले. त्याच वर्षी हवाना येथे बेनितो विन्येस या जेझुइट पाद्र्याने उंचावरील पिंजलेल्या ढगांची दिशा पाहून वादळाचा आगाऊ इशारा प्रसिद्ध केला. तेथे पुढे एक परंपरा रुजली. परंतु १९०० साली अमेरिकन अधिकाऱ्यांनी क्यूबातील वेधशाळांच्या वादळविषयक तारांवर निर्बंध घातले. ते वादळ अटलांटिक किनाऱ्याकडे वळेल, असा वॉशिंग्टनचा कयास होता. क्यूबातील जाणकारांचे मत निराळे होते. ८ सप्टेंबर रोजी वादळ टेक्सासातील गॅल्व्हस्टनवर आदळले आणि किमान सहा हजार माणसे गेली. ज्ञान समुद्रापलीकडे होते; वाटेत आड आला तो अहंकार.

पुढे साधने वाढली. १९४३ साली विमान प्रथमच मुद्दाम वादळाच्या डोळ्यात शिरले. १९६० साली हवामानाचा पहिला यशस्वी उपग्रह आकाशात गेला. तरीही १२ नोव्हेंबर १९७० च्या रात्री पूर्व पाकिस्तानच्या किनाऱ्यावर तीन लाखांहून अधिक लोक बुडाले. उपग्रहाने ते वादळ टिपले होते. चरांवरील झोपड्यांपर्यंत अर्थपूर्ण शब्द पोहोचला नाही.

हा भेद मला १९७७ च्या नोव्हेंबरात उमगला. दिवीसीमेत समुद्र आत शिरला आणि सुमारे दहा हजार माणसे नाहीशी झाली. आम्ही जुने कपडे गोळा करीत होतो. त्या भागातला माझा एक विद्यार्थी गावाहून परतला, तो महिनाभर बोललाच नाही. पुढे एकदा म्हणाला, "सर, वारा येणार हे ऐकले होते. पाणी येणार हे कोणी सांगितले नाही." आयुष्यभर शब्दार्थ शिकविणाऱ्या मला त्या वाक्याने निरुत्तर केले.

आज मायामी, होनोलुलू, टोकियो, नवी दिल्ली, नादी आणि ला रेयुनियाँ येथील विशेष केंद्रे आपापले समुद्र वाटून घेऊन पाहारा करतात. दिल्लीच्या केंद्राचा शब्द बंगालचा उपसागर व अरबी समुद्राभोवतालच्या देशांना जातो. किनाऱ्याला तो टप्प्याटप्प्याने मिळतो: बहात्तर तास आधी दक्षता, अठ्ठेचाळीस तास आधी सावधगिरी, चोवीस तास आधी प्रत्यक्ष इशारा. २००४ पासून येथील वादळांना नावेही दिली जातात, कारण नाव असलेले संकट लोकांच्या ध्यानात राहते.

याचे फळ ओडिशाने पाहिले. १९९९ च्या महावादळात तेथे सुमारे दहा हजार माणसे दगावली. २०१३ साली 'फायलिन' आले, तेव्हा सुमारे दहा लाख लोक वेळीच हलविले गेले आणि प्राणहानी काही दशकांच्या आकड्यात राहिली. दोन्ही वादळे प्रचंडच होती. या वेळी दारावर थाप मारून सांगणारा माणूस ओळखीचा होता, निवाऱ्याची वाट ठाऊक होती आणि सांगणाऱ्यावर विश्वास होता.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी कोणी वेधशाळेत जाईल, कोणी कचेरीत, कोणी वर्गात. खरे ते वेळेवर आणि ऐकणाऱ्याला कळेल अशा शब्दांत सांगणे, हे तिघांचेही कर्तव्य आहे. गुरुजी तेच करीत. त्यांच्या स्मृतीस अभिवादन करून मी आपली रजा घेतो.