फुजिको फुजिओ
‘डोरेमॉन’मुळे जगभर पोहोचलेल्या जपानी चित्रकथाकार-जोडीचे टोपणनाव. हिरोशी फुजिमोतो (१९३३–९६) आणि मोतोओ आबिको (१९३४–२०२२) हे ताकाओकातील शाळासोबती. ओसामु तेझुकांच्या चित्रकथांनी दोघांना झपाटले. टोकियोत आल्यावर ‘तोकिवा-सो’ या इमारतीत तेझुकांनीच सोडलेल्या खोलीत त्यांनी बिऱ्हाड मांडले. शोगाकुकान या प्रकाशनसंस्थेच्या मुलांच्या मासिकांतून १९७० च्या जानेवारी अंकांपासून ‘डोरेमॉन’ येऊ लागला, तोही प्रत्येक इयत्तेच्या वाचकांना झेपेल अशा निराळ्या कथांसह. नाव जोडीचे असले, तरी ही निर्मिती फुजिमोतोंचीच. आबिकोंचा हात बोचऱ्या, काळ्या विनोदात अधिक रमे. मुलांसाठीची हलकीफुलकी ‘निंजा हातोरी’ ही चित्रकथा मात्र त्यांचीच. १९७९ च्या दूरचित्रवाणी मालिकेने ‘डोरेमॉन’ घराघरांत नेला. १९८७ मध्ये जोडी फुटली. फुजिमोतोंच्या कलाकृतींचे संग्रहालय २०११ मध्ये कावासाकी येथे उघडले.