न फिरवल्याने

जळगावात दारात नवी गाडी उभी राहिली की पेढ्यांच्या आधी प्रश्न येतो : "ॲव्हरेज किती देते?" गाडी अल्टो असो की लॅम्बोर्गिनी, प्रश्न तोच. "पाच-सहा" असे उत्तर आले की विचारणारा मान हलवतो आणि निकाल देऊन मोकळा होतो : पांढरा हत्ती. धुळ्याकडे हाच निकाल अहिराणीत मिळतो : "लेनं सोपं शे, पोसनं अवघड शे."

या निकालाची दोन कलमे आहेत. पहिले, परदेशी स्पोर्ट्स कार नाजूक असते, सारखी बिघडते. दुसरे, म्हणून ती घेतलीच तर कव्हर घालून ठेवावी आणि दसरा-दिवाळीला बाहेर काढावी. जितकी कमी चालेल तितकी टिकेल आणि स्वस्त पडेल. पहिले कलम अर्धे खरे आहे. दुसरे साफ खोटे आहे. गंमत अशी की दुसऱ्यावर अंमल केल्यामुळेच पहिले खरे ठरत जाते.

आधी पूर्वपक्षाचे देणे देऊन टाकू. ही गाडी फुकट मिळाली तरी फुकट नसते. 2002 मध्ये सचिन तेंडुलकरने ब्रॅडमनच्या 29 शतकांची बरोबरी केली आणि त्याला फेरारी 360 मोडेना भेट मिळाली. त्या भेटीवरच्या सुमारे 1 कोटी 13 लाखांच्या आयात शुल्काचा वाद देशभर गाजला. शेवटी ती रक्कम भेट देणाऱ्या फियाट कंपनीने भरली. आज महाराष्ट्रात एका मोटारीवरच्या वाहनकराची कमाल मर्यादाच 30 लाख रुपये आहे. जुलै 2025 पूर्वी ती 20 लाख होती. सुटे भाग महाग, विमा महाग, आणि अधिकृत वर्कशॉप गाठायचे तर मुंबई : धुळ्याहून सव्वातीनशे किलोमीटर, जळगावहून चारशेच्या वर. हे सगळे मान्य. पण महाग असणे वेगळे आणि बेभरवशाचे असणे वेगळे. पैठणी महाग असते म्हणून ती विरते असे कोणी म्हणत नाही.

नाजूकपणाची कीर्ती आली कुठून? जुन्या गाड्यांवरून. फेरारीच्या 348 आणि एफ355 या मॉडेलांत टायमिंग बेल्ट बदलायला अख्खे इंजिन खाली उतरवावे लागे. बेल्ट हजारांचा, मजुरी लाखांची. पुढच्या 360 मोडेनात सीटच्या मागचे झाकण काढून ते काम होऊ लागले. 2004 च्या एफ430 मध्ये बेल्ट गेला आणि चेन आली. तिकडे 1990 मध्ये होंडाने एनएसएक्स आणून दाखवून दिले की असली गाडी रोज ऑफिसला नेता येते. 1998 मध्ये लॅम्बोर्गिनी आऊडीच्या हाती गेली आणि तिथेही जर्मन शिस्त आली. म्हणजे आपण 2025 च्या गाडीला 1985 ची जन्मपत्रिका लावून बसलो आहोत.

फेरारी आपल्या नव्या गाड्यांना सात वर्षांची नियमित देखभाल गाडीच्या किमतीतच देते. ही दुरुस्तीची हमी नव्हे, ठरलेली सर्व्हिसिंग आहे. तिचे वेळापत्रक मात्र लक्ष देऊन वाचावे : 20,000 किलोमीटर किंवा एक वर्ष, यांतले जे आधी येईल ते. खानदेशातल्या गाडीचे 20,000 किलोमीटर कधी आधी येत नाहीत. वर्ष मात्र न चुकता येते.

इथे सगळ्या वादाची किल्ली आहे. असल्या गाडीचा बराचसा खर्च मीटरवर चालत नाही, कॅलेंडरवर चालतो. ब्रेक ऑइल हवेतली ओल ओढून घेते, म्हणून गाडी दहा किलोमीटर चालो की दहा हजार, ते साधारण दोन वर्षांनी बदलायचेच. टायरच्या अंगावर कितव्या आठवड्यात, कोणत्या वर्षी तो बनला याचा चार आकडी शिक्का असतो. नक्षी नव्यासारखी असली तरी रबराचे वय थांबत नाही. मॅक्लारेन एफ1 या दंतकथा झालेल्या गाडीत पेट्रोलची रबरी पिशवीच दर पाच वर्षांनी बदलावी लागते, गाडी गॅरेजातून हललेली नसली तरी. जिनिंगवाल्याला हे समजावून सांगायला नको. हंगाम संपून मशीन बंद असले तरी विजेच्या बिलात डिमांड चार्ज येतोच. तो युनिटवर नसतो, जोडणी घेतल्याचा असतो.

उभे राहण्याचा खर्च कॅलेंडरपाशीही संपत नाही. गाडी बंद असली तरी तिचे कॉम्प्युटर आणि अलार्म बॅटरीतून थोडा थोडा करंट पीत राहतात. महिनाभराने सेल्फ घेत नाही, आणि वारंवार पूर्ण उतरलेली बॅटरी लवकर मरते. पेट्रोलमध्ये आता 20 टक्के इथेनॉल असते. तेही ओल ओढते, आणि टाकीत महिनोन्‌महिने पडून राहिले की जुन्या गाडीच्या नळ्या आणि सील यांना बाधते. एसी चालला नाही की त्याच्या सीलला तेल मिळत नाही, सील सुकते आणि गॅस निघून जातो. त्यात आपला उन्हाळा. मे महिन्यात 45 अंश ओलांडणाऱ्या जळगावात पत्र्याच्या शेडमध्ये झाकलेली गाडी म्हणजे भट्टी. बॅटरीचे आयुष्य गारठ्यापेक्षा उष्णतेने जास्त घटते. जुन्या फेरारींमध्ये बटणांवर मऊ लेप असे. तो उष्णतेने वितळल्यासारखा होऊन बोटांना गुळासारखा चिकटतो. उरलेले काम उंदीर करतात. त्यांना गाडी इटलीची आहे की पिंपरीची, याच्याशी कर्तव्य नसते.

मग वर्षाने दसऱ्याला गाडी बाहेर निघते. बॅटरी मेलेली, एसी गरम, डॅशबोर्डवर दिव्यांची दिवाळी. मालक म्हणतो, "बघा, सांगितलं नव्हतं? बिघडतेच." घोडा का अडला, पान का सडले, भाकरी का करपली, या जुन्या कोड्याचे एका शब्दातले उत्तर आपल्याकडे पोराटोरांना ठाऊक आहे : न फिरवल्याने. चौथा प्रश्न तेवढा जोडायचा राहिला होता. ज्या खानदेशात तापीकाठी सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोडेबाजार भरतो आणि चाल बघितल्याशिवाय सौदा होत नाही, तिथे चारशे घोड्यांचे बळ असलेले जनावर बांधून ठेवणे हा शहाणपणा कसा ठरला?

आता ॲव्हरेजचा हिशेब. समजा विमा, वार्षिक सर्व्हिस आणि वयाने बदलायच्या वस्तू मिळून वर्षाला 8 लाख रुपये जातात. पाचचे ॲव्हरेज आणि 110 रुपये लिटर धरले तर पेट्रोल पडते किलोमीटरला 22 रुपये. टायर-ब्रेकच्या झिजेचे आणखी 40 धरू. वर्षाला 800 किलोमीटर चालवली तर एकूण साडेआठ लाख, म्हणजे किलोमीटरला 1,062 रुपये. 8,000 चालवली तर एकूण 12 लाख 96 हजार, म्हणजे किलोमीटरला 162. एकूण खर्च वाढतो, हे लपवायचे कारण नाही. पण वापर दहापट आणि खर्च जेमतेम दीडपट. शिवाय बंद गाडीच्या आजारपणाचे बिल या 8 लाखांत धरलेलेच नाही. सर्वांत आधी ज्याची चौकशी होते ते पेट्रोल या हिशेबात सर्वांत लहान आकडा आहे.

शेवटचा आक्षेप वजनदार आहे : "मीटर वाढला की विकताना भाव पडतो." पडतो. कमी चाललेल्या गाडीला जादा भाव मिळतो, हे बाजाराचे सत्य आहे. पण तो भाव व्यवस्थित चाललेल्या, दरवर्षी सर्व्हिस झालेल्या गाडीशी ताडून बघावा. जाणकार गिऱ्हाईक मीटरआधी सर्व्हिसची वही मागतो. नट रोवन ॲटकिन्सन यांनी आपली मॅक्लारेन एफ1 सुमारे 66,000 किलोमीटर चालवली, दोनदा ठोकली, आणि 2015 मध्ये घेतल्याच्या कितीतरी पट भावाने विकली. ती गाडी दुर्मिळ, म्हणून तिचा नियम सर्वांना लावता येणार नाही. पण चाललेली गाडी मातीमोल होते, हा नियम खोडायला ती पुरेशी आहे.

तरी आपल्याकडे मीटर वाढू नये म्हणून धडधाकट गाडी ट्रकवर चढवून मुंबईला सर्व्हिसला धाडतात. चालत्या-फिरत्या माणसाला स्ट्रेचरवरून तपासणीला नेण्यातला हा प्रकार. गल्लीतल्या गतिरोधकांची भीती रास्त आहे. पण धुळ्याबाहेर पडल्यावर नाशिककडचा चौपदरी रस्ता लागतो, आणि तो सव्वातीनशे किलोमीटरचा प्रवास हेच त्या गाडीचे अर्धे औषध आहे.

तेव्हा सिद्धांत असा : गाडी महाग आहे, बेभरवशाची नाही, आणि तिला उभी ठेवून वाचतो तो पैसा नव्हे, फक्त मीटरवरचा आकडा. घेणाऱ्याने ॲव्हरेज विचारू नये. महिन्यातून किती वेळा बाहेर काढणार, हे स्वतःला विचारावे. उत्तर "दसऱ्याला" असेल, तर पूर्वपक्षाचा सल्ला पाळावा आणि घेऊ नये. त्याच्या दारात ती खरोखरच पांढरा हत्ती होईल. तो दोष मात्र गाडीचा नसेल.