कुलाब्याला उतरा, चित्र येतंय

दुमजली बसमधून कुलाब्याला उतरा. 1964 सालचा मार्च आहे. ससून डॉकवरून सुक्या मासळीचा वास येतोय, सदरा पाठीला चिकटलाय. कोळणीची पाटी चुकवा आणि वेधशाळेत शिरा. खिशात मोबाईल चाचपू नका.

आत पंखे आहेत, पण बंद. लावले तर नकाशे उडतील. टेलिप्रिंटर खडखडतोय, एकजण आकडे मोठ्यानं वाचतोय, दुसरा काळ्या-लाल शाईनं ते नकाशावर टिपतोय. घामाचा थेंब शाईवर पडला की चडफडतो. जमिनीवर आकड्यांची ही दाटी, आणि अरबी समुद्र? जवळजवळ कोरा. एखादं जहाज तिथून चाललं असेल तर तेवढीच नोंद. त्या कोऱ्या जागेत वादळ वाढलं तर तुम्हाला सांगणार कोण?

म्हणून उपग्रहाचं चित्र घेणाऱ्या त्या यंत्राभोवती गर्दी आहे. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेसाठी इथं खास केंद्र थाटलंय. हवाई विद्यापीठातले कॉलिन रॅमेज त्याचं काम बघतात. सरका, जागा करून घ्या. टायरॉस-8 हा उपग्रह क्षितिजावर आला. अँटेना त्याच्या वाटेनं फिरवत राहायचं, तो निसटला की चित्र गेलं.

आधी नुसती खरखर. मग रातकिड्यासारखी एका लयीतली किरकिर. सेकंदाला चार ओळी, एकूण 800. तीन मिनिटं आणि वर थोडी. कुणी खोकलं तरी सगळे वळून बघतात.

कागदावर करडा चौकोन उमटतो. हा किनारा की ढगाची कड? पारदर्शक कागदावर आखलेले अक्षांश-रेखांश त्यावर सरकवून बघा. सौराष्ट्राचं टोक सापडलं की बाकी समुद्राचा पत्ता लागतो. चहा केव्हाच निवलाय.

खरं सांगू? चित्र गचाळ आहे. तरी या खोलीतला सगळ्यात मोलाचा कागद तोच, कारण जिथं एकही जहाज नाही तिथलेही ढग त्यात दिसतात. फक्त ढगांच्या आतली ऊब आणि ओल त्याला विचारू नका.

ते कळायला तुम्हाला बरीच वर्षं पुढं यावं लागेल. 2013 साली अवकाशात गेलेल्या इन्सॅट-3डीवरचा साउंडर 19 चॅनेलमधून हवेच्या थराथरातलं तापमान आणि आर्द्रता टिपायचा. तो उपग्रह जवळपास 36,000 किलोमीटर उंचीवर होता, आणि त्याच्यासाठी अँटेना फिरवत बसावं लागत नव्हतं.