भिवंडीच्या घरातली समुद्री टाकी

समुद्री मत्स्यालयावरची बहुतेक पुस्तके थंड हवेच्या देशांत लिहिली गेली. पाणी ऊबदार कसे ठेवावे यावर त्यांत पानेच्या पाने असतात. भिवंडीत चिंता उलटी असते. मे महिन्यात खोलीच तापलेली, तिथे टाकी गार ठेवायची कशी? शिवाय ती पुस्तके ज्या प्रवाळांची हौसेने शिफारस करतात, त्यांतले बरेचसे आपल्याकडे घरात बाळगणे हा गुन्हा आहे. म्हणून इथल्या नवशिक्याने टाकीचा विचार कायदा, पाणी, उष्मा आणि वीज या क्रमाने करावा आणि मासे अगदी शेवटी आणावेत, असे माझे ठाम मत आहे.

कायदा आधी, कारण टाकीत काय असणार हे तोच ठरवतो. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याच्या पहिल्या अनुसूचीत २००१ साली सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, अग्निप्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे आले. २०२२ च्या दुरुस्तीनंतरही कठीण प्रवाळ त्याच अनुसूचीत आहेत. शोभेसाठी ठेवलेला मेलेला पांढरा तुकडाही यातून सुटत नाही. मुंबईच्या सागरी किनारा मार्गासाठी २०२० मध्ये हाजी अली आणि वरळीच्या खडकांवरच्या मोजक्या प्रवाळ वसाहती हलवायच्या होत्या, तेव्हा खुद्द महापालिकेला वन्यजीव विभागाची परवानगी काढावी लागली. दुकानात कोणी ‘सगळे चालते’ म्हणाले तरी त्यावर विसंबू नये. झोआंथिड, मश्रूम, लेदर अशी मऊ प्रवाळे कठीण प्रवाळांत मोडत नाहीत. तरीही विकत घेण्यापूर्वी वन विभागाकडून लेखी खातरजमा करून घ्यावी. पहिले वर्ष त्यांच्याविना काढणे सर्वांत बरे. खडक, त्यात मुरलेले जीवाणू, कोळंबी, शंखातले खेकडे आणि दोन-चार मासे एवढ्यावरही प्रवाळभित्तीचा एक खरा कोपरा उभा राहतो, आणि तो टिकवणे सोपे नाही.

आता पाणी. कामवारी नदी शहराला लागून वाहते आणि वसईच्या खाडीची भरती आतपर्यंत येते, तेव्हा खारे पाणी फुकटात मिळेल असे वाटू शकते. पण सायझिंग आणि रंगाईच्या कारखान्यांचे सांडपाणी त्याच प्रवाहात मिसळते. उकळून आणि गाळून जंतू जातील, विरघळलेले धातू जाणार नाहीत. आणि तांब्याची अत्यल्प मात्राही कोळंबी, गोगलगायींना मारते. भर पावसात तर खाडीचे पाणी नीट खारेही राहत नाही.

मिठागरातले मीठ गोड्या पाण्यात विरघळवून समुद्र होत नाही, यामागचे कारण मिठागरातच पाहता येते. उरण-पेणकडच्या आगरात पाणी आटत जाते तसे कॅल्शियमचे क्षार आधी खाली बसतात, मग मीठ धरते, आणि मॅग्नेशियम असलेले कडवट पाणी शेवटी सोडून दिले जाते. हाती येते ते जवळजवळ निव्वळ सोडियम क्लोराईड. टाकीला मात्र लिटरमागे ४०० ते ४५० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि १,३०० च्या आसपास मॅग्नेशियम हवे असते. म्हणून मत्स्यालयासाठी बनवलेले तयार समुद्री मीठच घ्यावे. समुद्राची क्षारता हजारी ३५ भाग. स्फटिकांत मुरलेला ओलावा धरून १०० लिटरला पावणेचार किलोच्या आसपास मीठ लागते. मोजणी रिफ्रॅक्टोमीटरनेच करावी. कालवण्याचे पाणी आरओचे असावे, पण घरच्या पिण्याच्या आरओचे नव्हे: चवीसाठी त्यात थोडे मूळ पाणी परत मिसळलेले असते. विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर आकडा शून्याजवळ दिसला पाहिजे.

नवशिक्याला लहान टाकी सोपी वाटते; प्रत्यक्षात ती अवघड असते. वाफ होऊन जाते ते गोडे पाणी, मीठ मागेच राहते. टाकीच्या काठावर सकाळी जी पांढरी खरखरीत पापुद्री दिसते, ती याच हिशेबाची खूण. १०० लिटरमधून ३ लिटर उडाले तर क्षारता ३५ वरून ३६.१ होते, ३० लिटरच्या टाकीतून दीड लिटर गेले तरी ती ३६.८ वर पोचते. म्हणून ७५ सेंटिमीटर लांब, ४० रुंद आणि ४० उंच अशी काच घ्यावी. तिची धारणा १२० लिटरची. खडक आणि वरची मोकळी जागा वजा जाता पाणी शंभराच्या आत-बाहेर. सगळे मिळून वजन दीडशे किलोच्या वर जाते, त्यामुळे जुन्या इमारतीत टाकी खोलीच्या मधोमध न ठेवता भक्कम भिंतीलगत, बीमच्या वर बसवावी. उडालेल्या पाण्याची भर रोज मीठ न कालवलेल्या आरओच्या पाण्याने घालावी, खाऱ्या नव्हे.

टाकीचे पाणी २५ ते २७ अंश असावे. उष्म्यावरचा स्वस्त उपाय पंखा. एक लिटर पाणी वाफ होताना सुमारे २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जाते. शंभर लिटर खारे पाणी एक अंशाने उतरवायला ४१० लागतात. कागदावर हे जवळजवळ सहा अंश झाले, पण खोली उष्णता परत देतच राहते, म्हणून हाती दोन-तीन अंश लागतात. एप्रिलपर्यंत एवढे चालते. खरी परीक्षा मेच्या अखेरीस, पहिल्या पावसाआधी, आणि पुन्हा ऑक्टोबरात. हवा तापलेलीही असते आणि दमटही, वाफ धरत नाही, पंखा नुसता फिरतो. त्या काळासाठी चिलर किंवा खोलीचा एसी परवडणार नसेल तर समुद्री टाकी लावूच नये. हा सल्ला कडू आहे, पण जिवांच्या बाजूचा आहे.

वीज गेली की आधी संपतो तो प्राणवायू. २५ अंशांना गोड्या पाण्यात लिटरमागे ८.२ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, समुद्राच्या पाण्यात ६.७ च, आणि पाणी तापले की त्याहून कमी. बॅटरीवर आपोआप सुरू होणारा हवेचा पंप म्हणूनच चैनीत मोडत नाही. यंत्रमागाच्या वस्तीत आणखी एक गोष्ट सांभाळावी लागते: हवेत उडणारे कापसाचे तूस पाण्यावर बसून पातळ साय धरते आणि हवा-पाण्याची देवघेव अडवते. टाकीत प्रवाह फिरवणाऱ्या पंपाचे (पॉवरहेडचे) तोंड थोडे वर करून पृष्ठभाग सतत हलता ठेवावा, पंप आणि पंख्यांच्या जाळ्या वरचेवर काढून धुवाव्यात. वर झाकण हवेच असेल तर बारीक जाळीचे. काचेने पाणी तापते.

मांडणी थोडक्यात सांगता येते. मानवनिर्मित सच्छिद्र खडक आठ-दहा किलो, तो थेट तळाच्या काचेवर टेकवावा आणि मग भोवती वाळू घालावी, म्हणजे वाळू उकरणाऱ्या जिवाने ढीग कोसळत नाही. किनाऱ्यावरून खडक किंवा वाळू उचलून आणू नये. प्रवाह तासाला टाकीच्या वीसपट. स्किमर लावता आला तर उत्तम: खाऱ्या पाण्यात बुडबुडे बारीक होतात आणि सेंद्रिय मळ त्यांना चिकटून फेसाबरोबर वर येतो, गोड्या पाण्यात ही युक्ती चालत नाही.

यानंतर चार ते सहा आठवडे टाकीत एकही मासा नको. चिमूटभर माशांचे खाद्य टाकावे, ते कुजून अमोनिया होतो. खडकातले जीवाणू त्याचे नायट्राईट आणि पुढे नायट्रेट करू लागतात. समुद्री टाकीत ही घाई महागात पडते ती पीएचमुळे. पीएच ७ असताना अमोनियाचा अर्धा टक्का विषारी रूपात असतो, समुद्राच्या ८.२ ला तोच सात-आठ टक्के होतो. गोड्या पाण्यात मासा जी चूक पचवतो, तीच इथे त्याला मारते. अमोनिया आणि नायट्राईट दोन्ही शून्य, आणि नायट्रेट दिसू लागलेले, ही तयारीची खूण.

मग शेवाळ खाणाऱ्या गोगलगायी आणि शंखातले खेकडे आणावेत. दोन आठवडे ते नीट राहिले तर क्लाऊनफिशची जोडी. ही जोडी पैदास केलेलीच घ्यावी. समुद्रातून पकडलेले मासे प्रवासाने आणि उपासाने खंगलेले येतात, आणि आग्नेय आशियात सायनाईडने मासे भूल देऊन पकडण्याची घातक रीत प्रवाळभित्त्यांसह माशांचाही बळी घेते. ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात कांदळवन प्रतिष्ठानाने आणि लखनौच्या राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्युरोने क्लाऊनफिशची पैदास उभी केली आहे. भिवंडीपासून ऐरोली दूर नाही. जाऊन पाहावे, विचारावे. क्लाऊनफिशला समुद्रफुलाची गरज नसते, आणि समुद्रफूल नवशिक्याच्या हाती सहसा मरते.

जोडीनंतर महिनाभराने एखादी गोबी किंवा ब्लेनी, आणि सफाई करणारी एक कोळंबी. शंभर लिटरला चार लहान मासे ही वरची हद्द. निळा टँग फूटभर वाढतो, त्याला ही टाकी कोठडीसारखी. मँडरिन खडकातले सूक्ष्म जीव टिपून जगतो, ते नव्या टाकीत पुरेसे नसतात. प्रत्येक नवा मासा आधी वेगळ्या साध्या टाकीत चार आठवडे ठेवावा. समुद्री पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी मुख्य टाकीत शिरला तर तिथे तांब्याचे औषध घालता येत नाही, कारण कोळंबी आणि गोगलगायी आधी जातात. सगळे मासे बाहेर काढून टाकी अडीच महिने माशांविना चालवावी लागते. त्या काळातही खडकातल्या जीवाणूंसाठी अधूनमधून चिमूटभर खाद्य टाकत राहावे आणि आठवड्याला दहावा हिस्सा पाणी बदलावे.